मुंबई ते लंडन: विमानात खरे किती तास?

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. तिकिटावर मात्र दुपारी १.३० ला सुटून संध्याकाळी ६.३० ला पोहोचणार असं दिसतं, आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे वा, पाचच तास!" तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या शहराच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे खरा प्रवास साडेनऊ तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे; हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा धरा.

वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे अंतर तेच असूनही येताना बहुधा थोडा वेळ वाचतो. पण तारीख बदलते. लंडनहून रात्री ९.३० ला निघालेलं विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११ च्या सुमारास उतरतं. न्यायला येणाऱ्याला वेळेबरोबर तारीखही नक्की सांगा.

आई पहिल्यांदा एकटी निघाली तेव्हा वहीच्या कागदावर दोन ओळी लिहून तिच्या पर्समध्ये ठेवल्या होत्या: वर मुंबईची वेळ, खाली लंडनची, समोर गोळी कधी घ्यायची ते. मनगटावरचं घड्याळ तिने उतरेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर ठेवलं. ठरल्या वेळेची औषधं असतील तर निघण्याआधी डॉक्टरांकडून तसं वेळापत्रक लिहून घ्या. आणि दारापासून दारापर्यंतचा हिशेब करताना विमानतळावरचे आधीचे तीन तास आणि उतरल्यावरची इमिग्रेशनची रांग धरा; चौदा-पंधरा तास सहज होतात.