सेंटरला उभं राहायचं तर ट्रिस स्पीकरसारखं

सोलापूरच्या होम मैदानावर बेसबॉलच्या पोरांना सेंटर फील्डला, म्हणजे आउटफिल्डच्या (मैदानाच्या मागच्या भागाच्या) मधोमध उभं केलं, की ती पार मागं जाऊन थांबतात. डोक्यावरून चेंडू गेला तर इज्जत जाते ना! मग मी त्यांना ट्रिस स्पीकर या अमेरिकी बेसबॉलपटूचं सांगतो. १९०७ ते १९२८ खेळला, बहुतेक बॉस्टन अन् क्लीव्हलँडकडून. लहानपणी घोड्यावरून पडून उजवा हात मोडला, म्हणून डावखुरा झाला. उभा राहायचा पार पुढं, सेकंड बेसच्या (धावताना गाठायच्या दुसऱ्या टप्प्याच्या) लगेच मागं. आउटफिल्डमधून फेकी करून ४४९ जणांना बाद करण्यात त्याचा हात. आजही हा विक्रमच.

तर आधी दहा पावलं पुढं या. नजर बॅटवर, कान टोल्याच्या आवाजावर. चेंडू डोक्यावरून जाणार वाटला, की गर्रकन वळून पळत सुटा, मग खांद्यावरून बघा. उलट्या पावलांनी मागं सरकू नका. मी तसाच आपटलोय, कोपर थंडीत अजून ठणकतं.

फक्त एक ध्यानात ठेवा. १९२० पूर्वी एकच चेंडू मळून मऊ होईस्तोवर वापरायचे, तो लांब जायचा नाही. आपल्याकडं नवा चेंडू काढला, की पाच पावलं मागं.