ॲप सोपं आहे का? विचारू नका, बघा

"सोपं आहे ना?" म्हटलं की सगळे भिडेखातर "हो" म्हणतात. तक्रारी येतात त्या नंतर. त्यापेक्षा हे करा:

१. ॲप आधी न पाहिलेले पाच जण गाठा. ॲप-वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली हाच आकडा सुचवला होता. टीममधले नकोत, त्यांना सगळं पाठ असतं.

२. काम सांगा, वाट नाही. 'सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड बदला' म्हणालात तर उत्तरच फोडलंत. 'तुमचा पासवर्ड कुणाला तरी कळलाय, काय कराल?' एवढंच विचारा.

३. मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा.

४. तुम्ही गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड! समोरच्याचं बोट भलत्याच बटणावर घुटमळतं आणि आपल्या तोंडून "अहो, ते वरचं" निघून जातं. "आता काय करू?" असं विचारलंच तर "मी इथे नसतो तर काय केलं असतं?" म्हणा. कुठे अडले, काय पुटपुटले, तेवढं टिपून घ्या.

तिघे एकाच जागी अडकले की आधी तेच दुरुस्त करा, मग नवे पाच जण.

फक्त यावरून 'ऐंशी टक्के लोकांना जमलं' असं अहवालात लिहू नका. पाचातले चार म्हणजे चारच माणसं.