सर्व्हिस बुक रद्दीत टाकायच्या आधी हे वाचा

नाशिकला पावसाळा लागला की आमच्या सरकारी ऑफिसात रेकॉर्ड रूम आवरायचं निघतं आणि कोणीतरी विचारतंच, माणूस रिटायर होऊन दहा वर्षं झाली, आता त्याचं सर्व्हिस बुक, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, आणि फाईल फेकू का? नाही फेकायची! आधी कपाटावरचं वर्गीकरण बघा, अ म्हणजे कायम ठेवायचं, ब म्हणजे 30 वर्षं, ड म्हणजे वर्षभर, आणि नक्की कुठली फाईल कशात बसते ते आपल्या खात्याच्या अभिलेख सूचीतच (कुठलं रेकॉर्ड किती काळ ठेवायचं त्याची यादी) शोधा, अंदाजाने नको.

मी एका काकूंचं बघितलंय, काका गेले, फॅमिली पेन्शनसाठी सर्व्हिस बुक काढलं तर रजेच्या हिशोबाची पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली, टाचणीचा गंज शिक्क्यावर उतरलेला. किती हेलपाटे पडले त्यांना! म्हणून टाचण्या काढा, दोरा बांधा, स्कॅन करून ठेवा, आणि नष्ट करायचंच असेल तर लेखी मंजुरी आणि यादी हवीच, 2005 चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा आहे.

नोकरीत असाल तर दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे सर्व्हिस बुकाची आपल्याजवळ ठेवायची दुसरी प्रत, मागून घ्या अन् दरवर्षी नोंदी मूळ पुस्तकाशी ताडून सही घ्या.