काका नेमके कोण?

विशेष शिक्षणातलं बी.एड. करून सांगलीत काम सुरू केलं, तेव्हा टॅबवर माझा फार भरवसा होता. तसा तो अगदीच चुकीचा नव्हता. पडद्यावरचं चित्र रोज तसंच असतं, आवाज चढत नाही, चुकलं तर कुणी डोळे वटारत नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना ते मानवतं. माझं गाडं अडलं ते एका शब्दावर.

कुणाशी किती जवळीक करायची हे शिकवणारं सॉफ्टवेअर परदेशी होतं. पडद्यावर मध्ये ‘मी’ म्हणजे ते मूल, भोवती घरच्यांचं वर्तुळ, मग ओळखीचे, मग अनोळखी. मिठी कुणाला, लांबून हात कुणाला, हे चित्रं सरकवून ठरवायचं. नऊ वर्षांचा एक मुलगा दहापैकी दहा आणायचा. आठवड्याभरात त्याची आई आली. ‘ताई, भडंगवाल्याच्या गळ्यात पडला की ओ हा!’

‘काकांना मिठी चालते’ हे मीच शिकवलं होतं. आणि आपल्याकडे भडंगवाले काका, रिक्षावाले काका, सख्खे काका, सगळे काकाच. शब्द जसाच्या तसा घेणारं पोर दुसरं काय करणार?

मग तयार चित्रं सोडली. खऱ्या माणसांचे फोटो (त्यांना विचारून), पॉवरपॉइंटच्या चार स्लाइड, आवाज आईचा. अमेरिकी शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या सुमारास आणलेल्या ‘सामाजिक गोष्टीं’सारखी छोटी वाक्यं: ‘मी दुकानात जातो. काकांना नमस्कार करतो. एक हात लांब उभा राहतो.’ हीच स्लाइड विश्रामबागेतल्या दुकानाच्या दारात मोबाइलवर दाखवायची आणि लगेच आत जायचं. निदान तीन वेगळ्या दुकानांत. नाहीतर मूल नियम शिकत नाही, ते एक दुकान शिकतं.

दुसरी बाजू नवे लोक हमखास विसरतात: मुलालाही ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. बोलता न येणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईत बनलेलं जेलो हे मोफत ॲप मराठीत आहे, त्यात ‘नको’चं बटण आहे. पण पाहुण्यांनी गालगुच्चा घेताना पोरानं ते दाबलं, तर घरच्यांनी ऐकायला हवं ना! एका आजींना हे पटवण्यात माझे दोन महिने गेले.

या कामात यायचं असेल, तर फी भरण्याआधी अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का ते बघा. पुढे तिथंच नोंदणी करावी लागते.

सध्या एका मुलीचं ‘ताई’पाशी अडलंय. शेजारची ताई, एसटीतली कंडक्टर ताई आणि मीही ताईच.