दान पडल्यावर बोलायचं कुणी?

माझ्या पहिल्या टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचा आणि फाशांच्या साथीने गोष्ट रचायचा खेळ) पहिला ड्राफ्ट ६२ पानांचा होता. वेढा पडलेलं एक शहर आणि तटाच्या आतबाहेर चिठ्ठ्या पोचवणारे जासूद. त्यातली ४० पानं शहराच्या इतिहासातच गेली होती. तीन राजघराण्यांच्या वंशावळीही होत्या (त्या आजवर कुणी वाचलेल्या नाहीत). उरलेल्या पानांत नियम, तेही बरेचसे इकडून तिकडून उचललेले.

पहिल्याच प्लेटेस्टला, म्हणजे चाचणीच्या खेळाला, एका खेळाडूच्या जासुदाला वेशीवरच्या पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून आत शिरायचं होतं. तिने फासे टाकले, दान कमी पडलं. मी नियम पाहिला. तिथे एकच शब्द होता: अपयश. "तो सोडत नाही," मी म्हटलं. "मग पुन्हा टाकू?" मनाई कुठेच लिहिलेली नव्हती. दुसऱ्यांदाही जमलं नाही. तिसऱ्यांदा जमलं आणि ती आत गेली. तीनदा फासे खुळखुळले, पण गोष्ट तसूभर हलली नाही. बाकीचे तिघे एव्हाना फोनमध्ये डोकं घालून बसले होते.

तेव्हापासून नियम लिहिताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: दान पडल्यावर बोलायचं कुणी, आणि त्याच्यापाशी बोलायला काय असेल? कथाप्रधान नियम म्हणजे नियमात कथा कोंबणं, असा नव्यांचा समज असतो. माझाही होता. कथा टेबलावरची माणसं सांगतात. नियमाने त्यांच्या तोंडी पुढचं वाक्य येईल एवढी सोय करायची.

हा घोळ जुना आहे. १९७४ साली आलेला डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग गेम युद्धखेळांच्या (टेबलावर सैन्यं लढवण्याच्या खेळांच्या) परंपरेतून निघाला. तिथे फाशांना विचारायचा प्रश्न सरळ होता: वार लागला की नाही? लढाईत तो पुरतो, कारण वार हुकला तरी समोरचा उलटा वार करतोच. पहारेकऱ्याशी गप्पा मारताना तोच साचा वापरला की खेळ ठप्प होतो.

म्हणून नव्यांना मी २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळाची यंत्रणा उलगडून बघायला सांगते. सहा बाजूंचे दोन फासे, त्यात कॅरेक्टरचा, म्हणजे खेळाडूच्या पात्राचा, एक गुण (क्षमतेचा आकडा) मिळवायचा. १० किंवा जास्त आले तर काम फत्ते, ७ ते ९ आले तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, आणि ६ किंवा कमी आले की सूत्रं गेम मास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) हातात. आता कागद घेऊन मोजा. दोन फाशांची ३६ दानं. गुण अधिक १ असेल तर १० दानांत पूर्ण यश, १० दानांत फसगत आणि १६ दानांत मधली अवस्था. म्हणजे 'झालं, पण...' हेच उत्तर सगळ्यात जास्त वेळा येणार. आणि 'पण' म्हटलं की कुणाला तरी वाक्य पुरं करावंच लागतं.

लोक फासे तेवढे उचलतात आणि त्यामागची अट विसरतात. तिथे प्रत्येक नियमाला ठिणगी असते: कॅरेक्टरने अमुक केलं, तरच हा नियम लागू. ठिणगी ढिली असेल तर खेळाडू कॅरेक्टर-शीटवर बोट ठेवून म्हणतो, "मी पटवण्याचा नियम वापरतो." काय बोलून पटवतोस? ते त्यालाही ठाऊक नसतं.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो उपकाराच्या नियमाने. वेढ्यातल्या शहरात सगळेच एकमेकांच्या आधाराने जगतात, ते खेळात उतरावं असं वाटत होतं. आधी प्रत्येक जोडीत 'विश्वास' नावाचा ० ते १० आकडा ठेवला, तो वाढायचा-घटायचा तक्ताही केला. टेस्टला ऐकू काय आलं? "तुझ्याशी माझा सहा आहे, याच्याशी चार, म्हणजे तुझ्याकडेच मागतो." पेढीवरचा मुनीम शोभला असता.

दुसऱ्या खेपेला आकडा काढून टाकला आणि कोरी कार्डं आणली. दुसऱ्याच्या कॅरेक्टरकडे काही मागितलंत, तर त्याचा कोणता उपकार घेतलात ते एका वाक्यात लिहा आणि कार्ड त्या खेळाडूला द्या. पुढे तो कार्ड फाडून परतफेड मागू शकतो. कार्डं झकास भरली गेली. एकावर लिहिलं होतं, 'माझ्या भावाला तू लपवलंस आणि मी कधी विचारलं नाही का.' पण चार सेशन्समध्ये एकही कार्ड फाटलं नाही. चांगली वस्तू जपून ठेवायची हा मनुष्यस्वभाव. वर मी 'फाडू शकतो' असं लिहून त्याला मोकळं रान दिलं होतं.

तिसऱ्या खेपेला वाक्य असं झालं: 'सेशन संपायच्या आत कार्ड फाडून टाका. फाडताना परतफेड मागा किंवा उपकार माफ झाल्याचं तोंडाने सांगा.' एवढाच बदल. त्या रात्री भावाचं कार्ड ज्याच्या हातात होतं तो बराच वेळ गप्प बसला, मग कार्ड फाडून म्हणाला, "माफ. पण का लपवलं ते आता ऐक." पुढची वीस मिनिटं फाशांना कुणी हात लावला नाही. तक्ता लिहायला मला तीन आठवडे लागले होते, हे वाक्य एका संध्याकाळी झालं.

बक्षिसाचंही तसंच. राक्षस मारल्यावर गुण दिलेत तर खेळाडू राक्षस शोधत हिंडतील, मग प्रस्तावनेत तुम्ही करुणेवर कितीही लिहा. फेट या खेळात कॅरेक्टरचा स्वभावदोष त्याला गोत्यात आणणार असेल आणि खेळाडूने ते गोतं पत्करलं, तर त्याला फेट पॉइंट मिळतो. तिथे खेळाडू आपण होऊन संकटात उडी मारतात. ब्लेड्स इन द डार्क या खेळातली घड्याळंही बघा. कागदावर वर्तुळ, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग, आणि धोका जवळ येईल तसा एकेक भाग रंगवायचा. वर्णन लांबवायची गरज उरत नाही.

मध्यंतरी मला गेम मास्टरच नको असा झटका आला. प्रत्येकाने आपल्या जासुदापुढे अडचण उभी करायची आणि आपणच ती सोडवायची. दहा मिनिटांत सगळे जांभया देऊ लागले. पॉल चेगी या डिझायनरच्या नावाने ओळखलं जाणारं एक तत्त्व नेमकं हेच सांगतं: अडचण आणि तिची सोडवणूक एकाच माणसाच्या हाती दिली की खेळात मजा राहत नाही. ते मला आधी माहीत असतं तर एक महिना वाचला असता. आता अडचण डावीकडचा खेळाडू सांगतो.

विषय जड असेल तर खेळ थांबवायची सोयही नियमातच हवी. मी जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड वापरते: नकोसं काही आलं की कार्डाला हात लावायचा, का ते कुणी विचारत नाही. हे परिशिष्टात टाकू नका, परिशिष्ट कुणी उघडत नाही.

सुरुवात मात्र एका पानाच्या खेळाने करा. लेझर्स अँड फीलिंग्ज एका पानात मावतो. कॅरेक्टरला २ ते ५ मधला एकच आकडा. मोठा असेल तर यंत्रं आणि तर्क जमतात, लहान असेल तर माणसं. फासा नेमका तोच आकडा दाखवील तर गेम मास्टरला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. दुर्मीळ दानावरसुद्धा कुणाला तरी बोलायला लावलंय! फेट आणि ब्लेड्सच्या मूळ नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे; श्रेय देऊन त्यावर स्वतःचा खेळ बांधता येतो, विकताही येतो. विकून पोट भरेल असं धरून चालू नका. मी अजून नोकरी करते.

आणि खेळ छापण्याआधी एकदा तरी तुम्ही नसलेल्या टेबलावर तो जाऊ द्या. तुम्ही समोर असलात की नियमातली भोकं नकळत तोंडाने बुजवत बसता. माझा खेळ एका अनोळखी गटाने खेळून रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांनी उपकाराचा नियम चुकीचा वाचला होता: कार्ड फाडल्यावर त्यांनी तुकडे टाकले नाहीत, दोघांनी अर्धं-अर्धं ठेवलं. शेवटच्या प्रसंगात एकाचा जासूद तटावर मेला, तेव्हा त्या खेळाडूने आपला अर्धा तुकडा न बोलता समोर सरकवला आणि दुसऱ्याने दोन्ही जोडून वाक्य मोठ्याने वाचलं. मी रेकॉर्डिंग थांबवून ड्राफ्ट उघडला आणि 'फाडून टाका' मधलं 'टाका' खोडलं.