बुटक्या गाडीत रडार डिटेक्टर: कोणता घ्यावा, कुठे लावावा

रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची आधीच चाहूल देणारं यंत्र, घ्यायचा म्हटलं की सगळे खोक्यावर छापलेला पल्ला बघतात. त्याआधी आपल्या गाडीची समोरची काच बघा. काही गाड्यांच्या काचेत ऊन अडवण्यासाठी धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. तो उष्णतेबरोबर रडारच्या लहरीही अडवतो, त्यामुळे अशा काचेमागे कितीही महागडं यंत्र बहिरंच राहतं. काच कशी आहे हे ओळखायला गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोलचा टॅग लावायची जागा शोधा. ‘टॅग आरशाजवळच्या या चौकोनातच लावा’ असं लिहिलं असेल, तर बाकीच्या काचेत धातू आहे असं समजा. मग डिटेक्टरलाही त्या चौकोनातूनच बघायला हवं. तिथे तो मावत नसेल, तर पैसे खर्च करू नका.

मी न्यू जर्सीत राहते, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि चालवते माझदा मियाटा, दोन सीटची, कापडी छताची. तिची काच साधी आहे, म्हणजे पहिली अडचण मिटलेली. एडिसनकडच्या मराठी घरांपुढे अजून एसयूव्हीच जास्त दिसतात, पण हल्ली कोणी पोर्शची केमन घेतंय, कोणी जुनी कॉर्व्हेट, आणि डिटेक्टरबद्दल मला विचारणा होते. खालचं सगळं अशा बुटक्या गाड्यांसाठी आहे.

यंत्राला नेमकं काय ऐकू यायला हवं, ते आधी समजून घ्या. अमेरिकेत पोलिसांचं रडार तीन पट्ट्यांत चालतं. एक्स बँड, १०.५२५ गिगाहर्ट्झ, बहुतेक ठिकाणी इतिहासजमा झालाय. के बँड २४.१५ च्या आसपास असतो. केए बँड ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ इतका पसरलेला असला, तरी प्रत्यक्षात पोलिसांची यंत्रं ३३.८, ३४.७ आणि ३५.५ याच जागांच्या आसपास बोलतात. केए वाजला की लगेच लक्ष द्या, कारण त्या पट्टीत रस्त्यावर दुसरं फारसं काही नसतं. खरी कटकट के बँडची आहे. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे तिथेच, ‘तुमचा वेग’ दाखवणारे पाट्यांचे रडार तिथेच, आणि शेजारच्या लेनमधल्या गाडीचे, आरशात न दिसणारी गाडी टिपणारे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही २४ गिगाहर्ट्झच्या जवळपासच. साधं यंत्र या सगळ्यांवर ओरडत राहतं. मग ‘लांडगा आला रे’ म्हणणाऱ्या पोराचं होतं तेच त्याचं होतं: खऱ्या वेळी आपला हात सवयीने आवाज बंद करायला जातो. म्हणून माझ्या लेखी पल्ल्याइतकंच महत्त्व गाळणीला आहे. ब्लाइंड स्पॉट सेन्सर ओळखून गप्प बसणारा फिल्टर हवाच. शिवाय जीपीएस असेल, तर रोजच्या वाटेवरचा दुकानाचा दरवाजा एकदा लक्षात ठेवून पुढच्या वेळी तो गप्प राहतो.

तरी पल्ला लागतोच, आणि तो का लागतो हे कळलं की निवड सोपी होते. बरेच पोलीस रडार सतत चालू ठेवत नाहीत, गाडी नजरेच्या टप्प्यात आली की क्षणभर सोडतात. तुमच्यावर सोडलं, तर यंत्र वाजेपर्यंत वेग मोजूनही झालेला असतो. वाचवतो तो पुढच्या गाडीवर सोडलेल्या लहरीचा अर्धवट, विरळ अंश. तो दूरवरून टिपता आला पाहिजे. रात्री रिकाम्या रस्त्यावर आपण एकटेच पुढे असू, तर कोणताही डिटेक्टर आधी सांगू शकत नाही.

पोलीस लेझरनेही वेग मोजतात, त्याचंही तसंच. त्याचा झोत हजार फुटांवर जेमतेम तीन फूट पसरतो, त्यामुळे यंत्रावर ‘लेझर’ आलं की मोजणी आपलीच चालू असते. पेनसिल्व्हेनियात तर रडार वापरायची मुभा प्रदीर्घ काळ फक्त राज्य पोलिसांना राहिली आहे. गावागावांतले पोलीस दोन खुणांमधलं अंतर आणि वेळ मोजून वेग काढतात. तिथे लहरच नाही, तर ऐकणार काय? याच कारणासाठी, पुण्याला येताना एक घेऊन ये असा निरोप आला की मी नकार देते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात आणि महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर गन असते. हे यंत्र तिथल्या रस्त्यांसाठी नाही.

आता यंत्रांकडे वळू. दिशा दाखवणारे बाण असलेलं घ्या, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. ही सोय व्हॅलेंटाइन वन या डिटेक्टरने १९९२ मध्ये आणली आणि मला ती आजही सगळ्यात मोलाची वाटते. बाण पुढे दाखवत होता आणि आता मागे दाखवतोय, म्हणजे आपण त्या रडारच्या पुढे आलो, हे एका नजरेत कळतं. व्हॅलेंटाइन वनची दुसरी पिढी २०२० साली आली. तिचे लाल दिवे छत उघडं असताना भर उन्हातही वाचता येतात, म्हणून उघड्या गाडीसाठी मी तीच सुचवते. तिच्यात स्वतःचं जीपीएस नाही, फोन जोडावा लागतो. युनिडेन कंपनीच्या आर-३ ला बाण नाहीत, पण जीपीएस आहे, पल्ला उत्तम आहे आणि किंमत बरीच कमी. बंद छताच्या गाडीला आणि पहिल्यांदाच घेणाऱ्याला तो पुरेसा आहे, मात्र त्याचा ओएलईडी पडदा उन्हात फिका पडतो. बाण आणि जीपीएस दोन्ही एकात हवं असेल, तर त्याच कंपनीचा आर-८ बघा. शंभर डॉलरच्या आतलं काहीही घेऊ नका.

कायद्याबाबत जराही सैल राहू नका. खाजगी गाडीत डिटेक्टर अमेरिकेत बहुतेक राज्यांत चालतो, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीत चालत नाही. आय-९५ महामार्गाने दक्षिणेकडे जाताना मी मेरीलँडमध्येच तो वायरीसकट काढून डिकीत टाकते. व्हर्जिनियात तो वीज नसलेला आणि हाताला न लागणारा असावा लागतो, नुसता बंद करून काचेवर ठेवणं पुरत नाही. तिथे मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त किंवा कुठेही ८५ मैलांच्या वर गेलात, तर ते फौजदारी प्रकरण होतं. व्हिसावर असलेल्यांनी ते साधं चलान समजून भरून टाकू नये, वकील करावा. ऑन्टारियोत तर जवळ बाळगणंही गुन्हा आहे आणि यंत्र जप्त होतं. पाहुण्यांना नायगारा दाखवायला कॅनडाच्या बाजूला जाणार असाल, तर ते घरीच ठेवा. कॅलिफोर्निया, मिनेसोटासारख्या राज्यांत समोरच्या काचेवर काय लावावं यावरही निर्बंध आहेत, तिथले नियम आधी वाचा.

बसवण्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. मध्यम किमतीचं यंत्र नीट जागी बसवलं, तर ते चुकीच्या जागच्या भारी यंत्राला मागे टाकतं. डॅशबोर्डवर ठेवायचा मोह टाळा. बुटक्या गाडीत तिथून पुढे वायपर आणि बॉनेटचा उंचवटा, मागे सीटच्या पाठी. बाणवाल्या यंत्राच्या मागच्या अँटेनाला तर फक्त तुमचं डोकं दिसेल. जागा वर, आरशाच्या उजव्या अंगाला, सोबत्याच्या बाजूला. तिथून यंत्राला वायपर आणि बॉनेटच्या वरून पुढे बघता येतं आणि मागे दोन सीटच्या मधल्या फटीतून मागच्या काचेपर्यंत सरळ रेषा मिळते. कापड आणि प्लास्टिक रडारला फारसं अडवत नाही, धातू अडवतो. आरशाच्या खाली लोंबकळत लावू नका. मियाटाची काच बुटकी आहे, खालचा रस्ताच झाकला जातो.

काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात, त्यावर सक्शन कप धरत नाही. ठिपक्यांच्या खाली, स्वच्छ काचेवर लावा. आधी ती जागा अल्कोहोलने पुसा, सुकू द्या, मग कप दाबा. सपाट जमिनीवर गाडी उभी करून बाजूने बघा: यंत्र रस्त्याला समांतर हवं, नाक आकाशाकडे किंवा बॉनेटकडे नको. सन व्हायझर पूर्ण उघडतो का आणि छत बंद करताना मधला खटका यंत्राला लागत नाही ना, हे दोन्ही करून बघा.

वायरीसाठी सिगारेट लायटरपासून काचेपर्यंत लोंबणारी दोरी नको. गिअर टाकताना ती हाताला लागते. आपोआप मंद होणारा आरसा असेल, तर त्याच्या जोडणीतूनच वीज घेणारी छोटी वायर मिळते. आधी मल्टिमीटर लावा: चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य दिसलं पाहिजे. वायरीत दोन अँपिअरचा फ्यूज असू द्या. असा आरसा नसेल, तर चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवर टॅप, म्हणजे तिथून वीज घेणारी जोडणी, लावा आणि वायर काचेच्या कडेने खाली आणा. काचेच्या कडेच्या खांबातून नेणार असाल, तर तिथे एअरबॅग आहे का ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा. असेल, तर वायर तिच्या मागून, मूळ वायरींच्या जुडग्याला बांधून गेली पाहिजे, पुढून कधीही नाही. शंका असेल, तर हे काम गाडीचं ऑडिओ बसवणाऱ्याकडून करून घ्या.

सगळं झालं की शाळेजवळची वेग दाखवणारी पाटी गाठा आणि मर्यादेतच गाडी चालवा. त्यातल्या बहुतेक के बँडवर चालतात. पाटी दिसण्याच्या बऱ्याच आधी यंत्र वाजलं पाहिजे, जवळ जाताना यंत्रावरच्या लहरीचा जोर दाखवणाऱ्या पट्ट्या सलग वाढल्या पाहिजेत आणि पाटी मागे पडताच बाण उलटला पाहिजे. अगदी जवळ गेल्यावरच वाजलं, तर नाक वर किंवा खाली झुकलंय. बाण उलटायला उशीर झाला, तर मागची रेषा सीटने अडवली आहे. पहिल्यात नाक सरळ करा, दुसऱ्यात यंत्र दोन बोटं वर किंवा सीटमधल्या फटीच्या रेषेत सरकवा, आणि पुन्हा त्याच पाटीवरून जा.