लेस्टरची गल्ली कोथरूडमध्ये बसून कशी काढावी

पुण्यात कोथरूड, औंध, सहकारनगर या भागांत विलायतेहून परतलेली म्हातारी मंडळी बरीच भेटतात. कोणी नर्स म्हणून गेलेली, कोणी फिटर, कोणी नवऱ्यामागून. त्यांच्या तिकडच्या आठवणी लिहून ठेवायला हव्यात असं घरात सगळ्यांनाच वाटतं. मग गणपतीत कोणीतरी मोबाईल पुढे धरून विचारतं, "आजी, तिकडे कसं होतं गं?" उत्तर ठरलेलं: "थंडी फार. पण माणसं शिस्तीची." तेवढ्यात आरतीची वेळ होते.

मी नोकरीभर भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. शेतकऱ्याला "तुमची जमीन कशी आहे?" असं विचारून मोजणी होत नाही. बांधावर उभं राहून "इथून पुढे काय?" असं विचारावं लागतं. माझ्या आत्याची इंग्लंडातल्या लेस्टरमधली गल्ली मी याच रीतीने कागदावर काढली. ती १९६६ साली गेली, होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर बसली आणि आता डहाणूकर कॉलनीत असते. ही पद्धत बर्मिंगहॅमलाही चालेल आणि लंडनजवळच्या स्लाव गावालाही.

प्रश्न नंतर, आधी नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे हे ब्रिटनचं सरकारी मोजणी खातं. त्याचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, इंग्लंडचेसुद्धा. १:२५०० प्रमाणाचा नकाशा बहुतेक गावांचा मिळतो. शहरी भागाचा १:१२५० चा मिळाला तर मात्र सोडू नका, कारण त्यावर घरांचे नंबर छापलेले असतात. आपली माणसं ज्या काळात गेली त्याच्या आसपासचे, म्हणजे १९४० ते १९७० च्या दशकांतले असे नकाशे तिथे पुष्कळ आहेत. त्यावरची आद्याक्षरं समजून घ्या: पी.एच. म्हणजे पब, एल.बी. म्हणजे टपालपेटी, टी.सी.बी. म्हणजे फोनची लाल खोली. यातल्या प्रत्येकापाशी एक गोष्ट असते, पण ती पुढे.

घर नंबर आठवत नसेल तर तो पुण्यातच सापडेल. तिकडून आलेली निळी एअरमेल पत्रं कोणाच्या तरी माळ्यावर ट्रंकेत असतात आणि मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. तिकडे रस्त्याच्या एका अंगाला सम नंबर, दुसऱ्या अंगाला विषम. आपल्यासारखं "मारुतीमागच्या बोळात, जिन्याखालचं दार" असलं काही नसतं, त्यामुळे एक नंबर हाती लागला की शेजारपाजार मांडता येतो.

नकाशा फोनवर किंवा लॅपटॉपवर दाखवू नका. जरा हात लागला की चित्र सरकतं आणि म्हाताऱ्या माणसाचा धागा सुटतो. मोठ्या कागदावर प्रिंट काढा. अप्पा बळवंत चौकात जाणं होणारच असेल तर ट्रेसिंग पेपरचा रोलही आणा. प्रिंट टेबलावर, त्यावर ट्रेसिंग, चारी कोपरे चिकटपट्टीने पक्के. खुणा सगळ्या ट्रेसिंगवर करायच्या.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. पंखा बंद करा, कुकर आधीच उतरवून ठेवा, आणि सुनांना-नातवंडांना "मध्ये बोलू नका" असं बजावा (ऐकत नाहीत, तरी बजावा). तासाच्या वर बसवू नका.

पहिला प्रश्न असा: "आत्या, दार ओढून घेतलंस. डावीकडे वळलीस. पहिलं काय लागतं?" त्यापुढे फक्त "मग?" एवढंच. बोट तिचं, पेन्सिल तुमची. आत्याचं बोट शेजारणीच्या दारावरून निघालं, दोन घरांमधल्या जिटीपाशी आलं (तिथला बोळ, लेस्टरकर त्याला असंच म्हणतात) आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या अलीकडे थबकलं. "इथे दूधवाल्याची गाडी वळायची. विजेवरची रे, आवाज नाही. बाटल्या तेवढ्या किणकिणायच्या." मग बाटल्या आल्या. चांदीच्या रंगाच्या पातळ झाकणाचं दूध साधं, सोनेरी झाकणाचं जास्त सायीचं आणि महाग. बाटली दारात थोडा वेळ जरी राहिली तरी निळ्या डोक्याचे चिमुकले पक्षी चोचीने झाकण फोडून वरची साय खायचे. म्हणून आत्या रात्री रिकाम्या बाटल्यांशेजारी दोन कप ठेवायची आणि दूधवाला ते भरल्या बाटल्यांवर पालथे घालून जायचा. त्यातला एक पुण्याहून नेलेल्या सेटातला, कान तुटलेला. "चहाला निरुपयोगी, पण दूध राखायला बरा होता."

पायांनंतर हातांकडे वळा. दिवसभरात हाताने काय काय करायचीस, ते विचारा. कोळसा कुठून आत यायचा, कपडे कुठे वाळायचे, गॅस कसा पेटायचा. आत्याच्या भाड्याच्या खोलीत गॅसचं मीटर नाण्यावर चालायचं. शिलिंग टाका, चावी फिरवा, तेवढ्यापुरता गॅस. त्यासाठी ती शिलिंगची नाणी खिडकीतल्या बशीत वेगळी जमवायची आणि दुकानदाराकडून मुद्दाम मागून घ्यायची.

किमती विचारा, आणि ती सांगेल त्याच नाण्यांत लिहा. रुपयांत हिशेब करत बसू नका. १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगचा पौंड, हे १५ फेब्रुवारी १९७१ ला बंद झालं आणि १०० पेन्सचा पौंड आला. नवं ५ पेन्सचं नाणं आकाराने जुन्या शिलिंगएवढंच ठेवलं होतं. आत्याने आणे जाऊन नवे पैसे आलेले पुण्यात १ एप्रिल १९५७ ला पाहिले होते, त्यामुळे शेजारणींना हिशेब तिनेच समजावला. हे सांगताना तिचा आवाज चढला होता. नाण्यांवरून काळही कळतो. हाफ क्राऊन, म्हणजे अडीच शिलिंगचं नाणं, १९६९ अखेर चलनातून गेलं. गोष्टीत हाफ क्राऊन आला की ती त्याआधीची.

थेट साल कधीच विचारू नका. आपल्याकडे जुनी माणसं "पानशेतच्या आधी की नंतर" यावर १९६१ पक्कं करतात, तशा तिकडच्याही खुणा आहेत. १९६८ ते १९७१ हिवाळ्यातही घड्याळं उन्हाळ्यासारखी तासभर पुढेच ठेवली होती, त्यामुळे सकाळी पोरं अंधारात शाळेत जायची. १९७४ च्या सुरुवातीला विजेच्या टंचाईमुळे कारखाने आठवड्याला तीनच दिवस. १९७६ चा कोरडा उन्हाळा. जून १९७७ मध्ये राणीच्या रौप्यमहोत्सवाला भर रस्त्यात मांडलेली टेबलं. लेस्टरचं आणखी एक: जुलैच्या सुरुवातीला दोन आठवडे कारखाने एकदम बंद राहायचे आणि निम्मं गाव स्केगनेसच्या समुद्रावर. आत्या म्हणते, गल्ली तेव्हा आपल्या मे महिन्यातल्या सदाशिव पेठेसारखी व्हायची.

इथवर सगळं गोड येतं. बरेच जण इथेच थांबतात, आणि मग हाती लागतं ते कॅलेंडरवरचं चित्र. म्हणून दुसऱ्या दिवशी नवा ट्रेसिंग पेपर अंथरा आणि विचारा, "कुठल्या रस्त्याने जायची नाहीस?"

आत्या थोडा वेळ गप्प होती. मग तिने कारखान्यापासून घरापर्यंतचा सरळ रस्ता सोडून एक लांबचा वळसा दाखवला. सरळ रस्त्यावर पी.एच. होतं. शनिवारी संध्याकाळी तिथून जाताना अंगावर शब्द यायचे, एकदा बाटली आली. त्याआधी खोली शोधताना खिडक्यांत "काळ्यांना नाही" अशा पाट्या तिने वाचल्या होत्या. वर्णावरून घर नाकारणं बेकायदा ठरलं ते १९६८ च्या कायद्याने. युगांडातून हाकललेले आशियाई १९७२ मध्ये येऊ लागले तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडातल्या वर्तमानपत्रात "इथे येऊ नका" अशी जाहिरात दिली होती, आणि १९७६ च्या स्थानिक निवडणुकीत नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी पक्षाला सुमारे १८ टक्के मतं पडली. याच गल्लीत शेजारची बाई आत्याची जादा किल्ली सांभाळायची आणि आत्याला रात्रपाळी असली की मुलाला जेवू घालायची. दोन्ही काढा. रोजचा रस्ता काळ्या सलग रेघेने, टाळलेला लाल तुटक रेघेने. दोन ट्रेसिंग एकमेकांवर ठेवली की गल्ली दिसते.

पडताळणी सर्वांत शेवटी. जिओग्राफ नावाच्या संकेतस्थळावर ब्रिटनच्या चौरस किलोमीटरगणिक लोकांनी काढलेले फोटो आहेत. लेस्टर विद्यापीठात ईस्ट मिडलंड्सचा मौखिक इतिहास संग्रह आहे, तिथली एखादी मुलाखत ऐकलीत तर प्रश्न विचारायची रीतही कळेल. गुगलवर आजचा रस्ता अगदीच शेवटी दाखवा. आत्याच्या नातवाने घाई केली आणि तिला बेलग्रेव्ह रोड ओळखूच येईना, कारण तिच्या रोजच्या बसच्या वाटेवरचा उड्डाणपूल २०१४ मध्ये पाडला. १८६८ चा क्लॉक टॉवर दिसला तेव्हा कुठे ती पुन्हा बोलायला लागली.

नकाशा आणि आठवण जुळली नाही तर म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडू नका. आत्याचं दुकान नकाशात रस्त्याच्या पलीकडे आहे. मी दोन्ही जागा दाखवल्या आणि बाजूला "आत्याच्या मते" असं लिहिलं. मोजणीत हरकत नोंदवतात, तसंच.

रेकॉर्डिंगच्या फाइलला "आत्या-१" असं नाव देऊ नका. माणूस, गाव, रस्ता, तारीख असं पूर्ण द्या, आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. तिकडच्या संग्रहाला पाठवायचं असेल तर आधी आत्याची परवानगी घ्या आणि शेजाऱ्यांची नावं झाका, त्यांची मुलं तिथेच राहत असतील. ट्रेसिंगची घडी घालू नका, घडीवर कागद चिरतो. गुंडाळून प्लास्टिकच्या नळीत ठेवा आणि उत्तर दिशेचा बाण काढायला विसरू नका.